रेडिओला माणूस सुचवणारी हर्षला

आमच्या भिसेगावात कुणी विचारलं की हर्षला काय करते, तर सरळ उत्तर कुणालाच देता येत नाही. तिची आई म्हणते, "रेडिओत आहे." शेजारचे म्हणतात, "मोबाइलवर काहीतरी करते." मी खालापूरच्या तहसील कार्यालयात चौतीस वर्षं लोकांचे अर्ज वाचले, म्हणून मी म्हणतो की ती दुसऱ्यांसाठी अर्ज करते. रेडिओच्या कार्यक्रमांना, पॉडकास्ट करणाऱ्यांना ती पत्र लिहिते, की अमुक माणसाला तुमच्याकडे बोलायला बोलवा. बोलावलं तर तो माणूस बोलतो, लोक ऐकतात, आणि हर्षलाचं नाव कुठेच येत नाही. या धंद्याला इंग्रजीत काय म्हणतात ते तिनं मला सांगितलं होतं. ते मी मुद्दाम विसरलो.

मुंबईत एका प्रसिद्धीच्या कंपनीत नऊ वर्षं काढून, आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ती परत आली ती इथेच राहिली. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणाऱ्यांना ती चहा देते आणि विषय बदलते. आमच्या आणि त्यांच्या घराच्या मध्ये एक तुळस आणि एक पाण्याची टाकी आहे. त्या टाकीच्या कठड्यावर कागद ठेवून ती मला हाक मारते, "तात्या, एवढं बघता का?" मग मी चष्मा शोधतो.

तिची पत्रं मी तपासतो म्हणजे शुद्धलेखन बघतो असा तिचा समज आहे. खरं तर मला ती वाचायला आवडतात. सरकारी नोकरीत मी हजारो अर्ज पाहिले, त्यातल्या निम्म्यांत आपण किती थोर आहोत हेच असायचं. हर्षलाच्या पत्रात माणूस थोर कधीच नसतो. त्याला काय ठाऊक आहे, ते ऐकून ऐकणाऱ्याच्या हाती काय लागेल आणि तो सकाळी बरा बोलतो की जेवणानंतर, एवढंच असतं. जिथं पत्र पाठवायचं त्या कार्यक्रमाचे तीन तरी जुने भाग ती आधी ऐकते. ते न ऐकता पत्र पाठवणं म्हणजे मुलगी न बघता स्थळ सुचवणं, असं ती म्हणते.

रसायनीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक साहेब तिच्याकडे आले होते. त्यांनी आत्मचरित्र लिहिलं होतं आणि त्यावर त्यांना पॉडकास्टमध्ये बोलायचं होतं. हर्षलानं त्यांना दोन तास ऐकलं आणि म्हणाली, "साहेब, पुस्तकाचं राहू दे. पाइप कुठे गळतोय ते तुम्ही नुसत्या वासावरून ओळखायचात, तेवढंच बोला." साहेब रागावून गेले आणि चार दिवसांनी परत आले. आता ते कुठेही भेटले तरी वासावरच बोलतात, पुस्तकाचं नावही काढत नाहीत.

असे पैसे देणारे लोक महिन्याला तीनचार असतात आणि त्यावर तिचं घर चालतं. पण त्याखेरीज ती आपल्या भागातला एखादा माणूस सुचवते, त्याचं ती काही घेत नाही. हे माणूस शोधण्याचं तिचं तंत्र साधं आहे. पैसे देणाऱ्या प्रत्येकाला ती विचारते, "तुमच्या आधी हे काम कोण करतं?" गौराबाई तिला अशीच सापडली.

खालापूरकडचे एक तरुण डॉक्टर आहेत, वरद नावाचे. सर्पदंशावर रेडिओवर बोलायची त्यांची इच्छा होती. हर्षलानं आपला ठरलेला प्रश्न विचारला, की पेशंट तुमच्यापर्यंत कुणाच्या हातून येतो. डॉक्टर म्हणाले, "बरेचसे एका बाईबरोबर येतात. कुंभिवलीच्या आतल्या अंगाला एक वाडी आहे, तिथली. सोबत भगत असतो. तो टेंपोत मंत्र म्हणत बसलेला असतो." हर्षला म्हणाली, "मग आधी त्या बाईंनी बोलायला हवं." डॉक्टर भले माणूस. म्हणाले, मी फोनवरून येतो, स्टुडिओत त्यांनाच बसवा.

गौराबाई हायवेच्या कडेला काकड्या आणि भेंडी विकते. वय पंचेचाळीसच्या आसपास, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. आपल्याकडे साप चावला असं पटकन कुणी म्हणत नाही, 'पान लागलं' म्हणतात, आणि पान लागलं की पाय भगताच्या दाराकडे वळतात. तिथून माणसाला उठवून दवाखान्यात न्यायचं म्हणजे भगताचा अपमान, त्याच्या देवाचा अपमान. गौराबाईनं वाद घातला नाही. गोदामांवर ये-जा करणाऱ्या टेंपोवाल्यांचे नंबर तिनं घराच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवले. कुणाला पान लागलं की ती टेंपो बोलावते आणि भगताला म्हणते, तुमी पन चला, मंत्र टेंपोत घाला. लोक मंत्रासाठी चढतात आणि दवाखान्यात उतरतात. सात वर्षांत एकतीस माणसं तिनं अशी नेली, त्यातलं एकच दगावलं. हा आकडा डॉक्टरांचा, तिचा नव्हे. तिनं कधी मोजलं नव्हतं.

तो भगत म्हणजे तिचा सासरा, मालोजी. ही गोष्ट हर्षलाला ठाऊक होती. तिनं ती पत्रातही लिहिली होती.

पत्र गेलं 'शिवारगप्पा' नावाच्या कार्यक्रमाला. दर गुरुवारी सकाळी अकराला मुंबईहून थेट प्रसारण, आपल्या जिल्ह्यात गावोगाव ऐकतात. तिथल्या सुरभी नावाच्या बाईंनी हर्षलाची आधीची अकरा पत्रं नाकारली होती. या बाराव्याला दुसऱ्याच दिवशी होकार आला. जूनचा दुसरा गुरुवार, पेरण्या आणि आवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस तोंडावर, सापाचा विषय अगदी वेळेवर होता. हर्षला कागद घेऊन टाकीपाशी आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. मीही खूश झालो, उगाच खोटं कशाला सांगू. आयुष्यात स्टुडिओ पाहिला नव्हता, म्हणून मलाही गाडीत घे असं मीच सुचवलं.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. हर्षला तीनदा गौराबाईच्या घरी गेली. मागच्या दारी बसली, तिच्याबरोबर भेंडी निवडली, चहा प्यायली, सगळं विचारून घेतलं. तारीख फोनवर कळवली. पुढे ओटीवर मालोजी बसलेला असायचा, त्याला ती येता-जाता नमस्कार करायची. पण त्याच्यासमोर बसून, हातात नारळ देऊन, "तुमच्या सुनेला अमुक दिवशी रेडिओवर न्यायचं आहे, परवानगी द्या," असं ती म्हणाली नाही. या गावांत बोलावणं माणसाला नसतं, घराला असतं, आणि घरातला मोठा माणूस ते घेतो. मुंबईत नऊ वर्षं काढलेल्या पोरीला हे सुचलं नाही तर समजू शकतो. मी चौतीस वर्षं त्याच गावांतून पंचनामे करत फिरलो. मला सुचायला हवं होतं. पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ बघण्यात माझं लक्ष होतं.

गुरुवारी सकाळी साडेसातला आमची भाड्याची गाडी कुंभिवलीच्या थांब्यापाशी उभी राहिली. थांब्यावर मालोजी होता. पांढरंशुभ्र धोतर, कडक टोपी, हातात कापडी पिशवी. वय चौऱ्याहत्तर, पण पाठीचा कणा सरळ. गौराबाई कुठेच नव्हती. हर्षलानं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"मामंजी आलं ना?" गौराबाई म्हणाली.

"आले आहेत. पण तुम्ही कुठे आहात?"

"मी दुकानावर हाय. घरातलं मोठं मानूस असताना मी कशी बोलू? बोलावनं घरी आलंय न्हवं, त्येच बोलतील."

"अहो गौराबाई, कार्यक्रम तुमचा आहे. तुम्ही काय केलंत ते सांगायचंय."

"त्यांना समदं ठावं हाय," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मालोजी तोवर पुढच्या दारानं ड्रायव्हरशेजारी बसलासुद्धा होता. त्याला उतरवायचं कसं? थांब्यावर त्याच्या वाडीचे पाचसहा जण त्याला निरोप द्यायला आले होते. एकानं त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली होती.

गाडी सुरू झाली. हर्षला माझ्याशेजारी मागे बसली होती आणि तिचा चेहरा उतरला होता. तिला कसली भीती वाटत होती ते मला न सांगता कळत होतं. बावन्न वर्षं सापाचा मंत्र घालणारा माणूस थेट प्रसारणात बसणार. तो एवढंच म्हणाला की माझ्या मंत्रानं माणसं बरी होतात, तर ते जिल्हाभर ऐकलं जाणार, तेही आवणीच्या तोंडावर. मग कुणीतरी कुठल्यातरी वाडीत पान लागलेल्या माणसाला घरीच ठेवणार. आणि तो बोलणारा हर्षलानं पाठवलेला असणार.

वाटेत चहाला थांबलो तेव्हा ती बाजूला जाऊन सुरभीबाईंना फोन करून आली. काही लपवलं नाही तिनं. गौराबाईंच्या जागी त्यांचा सासरा येतोय, पत्रात लिहिलेला तो भगत, तो काय बोलेल ते मला माहीत नाही, तुम्ही नको म्हणालात तर इथून परत फिरते. सुरभीबाई म्हणाल्या, अर्धा तास रिकामा ठेवता येत नाही. डॉक्टर फोनवर आहेत, चुकीचं बोलले तर ते दुरुस्त करतील. हर्षला म्हणाली, "ते मंत्राची जाहिरात करायला लागले तर माइक बंद करा. आणि त्यानंतर मी तुम्हाला कधी पत्र पाठवणार नाही."

"तात्या, परत फिरूया का?" तिनं मला विचारलं. मी म्हणालो, "मला विचारू नकोस, मी निवृत्त आहे." असं बोलायला नको होतं.

मालोजी मजेत होता. त्यानं हॉटेलातल्या पोऱ्याला विचारून घेतलं की भाजीत पडवळ नाही ना, कारण मंत्र घेतलेल्याला पडवळ चालत नाही. मग त्यानं दोन बटाटेवडे खाल्ले. हर्षलानं धीर करून विचारलं, "बाबा, तिथे काय बोलणार तुम्ही?"

"इचारतील त्ये सांगन," तो म्हणाला आणि टोपी नीट केली.

स्टुडिओ मला वाटला होता त्यापेक्षा फारच लहान निघाला. काचेपलीकडे एक टेबल, दोन माइक, आतमध्ये सुरभीबाई आणि मालोजी. आम्ही काचेअलीकडे. तिथे आवाज बंद करण्याचं बटण असलेला मुलगा बसला होता, आणि हर्षला त्याच्या अगदी शेजारी उभी राहिली. पहिली दहा मिनिटं वाडी किती घरांची, भात कुठलं लावता असं चाललं. मग सुरभीबाईंनी सरळच विचारलं, "मालोजीबाबा, तुम्ही मंत्र घालता. मंत्रानं सापाचं विष उतरतं का?"

मालोजी गप्प. घरात माणूस दहा सेकंद गप्प बसला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. रेडिओवर दहा सेकंद फार मोठे असतात हे मला त्या दिवशी कळलं. बटणावरच्या मुलानं हर्षलाकडे पाहिलं. हर्षलानं त्याच्या मनगटावर हात ठेवला, दाबू नकोस म्हणून की दाब म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"नाय उतरत," मालोजी म्हणाला.

मग तो बोलत गेला. त्याचं बोलणं मी जसं आठवतं तसं लिहितो. "बाय, बावन्न वर्सं झाली. धामन चावलेला येतो, दिवड चावलेला येतो. त्यांना इष चढतच नाय. मी मंत्र घालतो, त्यो उठून घरी जातो, दुसऱ्या दिशी माझ्या दारात नारळ. आन् ज्ये ग्येले, त्यांच्या घरच्यांना मी सांगायचो, उशिरा आनलात. वाटंत कुनीतरी मागं वळून बघितलंत. समदं त्यांच्यावर ढकलायचो. मला ठावं व्हतं. पयल्या पाच वर्सांतच ठावं झालं व्हतं."

सुरभीबाईंनी समोरचा प्रश्नांचा कागद पालथा घातला.

"माझा पोरगा व्हता. नवशा त्याचं नाव. नवसाचा, म्हनून नवशा. भाताच्या कापनीला पायाला घोनस चावली. भर दुपारी. सून धावत आली, म्हनली टेंपो हुभा हाय, खोपोलीला नेऊ. मी नाय म्हनलो. भगताचा पोरगा दवाखान्यात ग्येला, तर उद्या माझ्या दारात कोन येल? त्याला मी ओटीवर निजवला आन् मंत्र घालत बसलो. सून दारात हुभी व्हती. तिच्यासमोर टेंपो रिकामा परत ग्येला. दुसऱ्या दिशी पोरगा ग्येला. पंदरा वर्सं झाली. त्या दिसापास्नं आमच्या घरात त्याचं नाव कुनी घेतलं नाय. मी पन नाय घेतलं. आज घेतो."

त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली. "सून मला टेंपोत बसवती. लोकांना वाटतं भगत संगती हाय, मंग घाबरायचं नाय. मी नुसता बसतो. ओठ हलवतो. ऐकनाऱ्यांनो, पान लागलं तर माझ्या दारात येऊ नका. दवाखान्यात जा. तिथं मी नसलो तरी चालतंय."

डॉक्टर वरद फोनवर होते. त्यांना दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. चावलेला पाय हलवू नका, करकचून बांधू नका, चिरू नका, लवकर निघा, एवढं सांगून त्यांनी आपलं बोलणं आवरतं घेतलं. हर्षला काचेला टेकून रडत होती. मला तिचा राग आला, कारण मलाही रडू येत होतं आणि माझ्याकडे रुमाल नव्हता.

परतीच्या वाटेवर मालोजी टोपी मांडीवर ठेवून बसला होता. कुंभिवलीला उतरला. सकाळी निरोप द्यायला आलेल्यांपैकी दोघं थांब्यावर होते. त्यांनी कार्यक्रम ऐकलेला असणार, कारण ते त्याच्याकडे बघून दुसरीकडे बघायला लागले. मालोजी त्यांच्यासमोरून सरळ वाडीच्या वाटेला लागला. आता याच्या दारात नारळ येणार नाही, हे त्याला आमच्याआधी कळलं होतं.

गौराबाई हायवेच्या कडेला तिच्या दुकानावर होती, बांबूला ताडपत्री बांधलेलं दुकान. हर्षला तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. दिवसभराची भीती रागासारखी बाहेर आली.

"गौराबाई, तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. मी तिथे मेले होते अर्धा तास. ते उलटं बोलले असते तर?"

"त्ये मला पन वाटत व्हतं," गौराबाई म्हणाली. "सकाळपास्नं एक काकडी इकली नाय मी. फोनातला रेडिओ कानाला लावून बसले व्हते."

"मग पाठवलंत कशाला त्यांना? मोठं माणूस म्हणून?"

गौराबाईनं काकड्यांवरचं ओलं फडकं सारखं केलं. "त्ये तर हायच. पन बाय, मी बोलले असते तर लोक काय म्हनले असते? सुनंनं सासऱ्याची आब्रू घालवली. माझं कोन ऐकनार? भगतानं सांगितलं दवाखान्यात जा, तर लोक जातील. तुला वाटलं म्या बोलावं. मला वाटलं त्यांनी बोलावं. पंदरा वर्सं मी वाट बघत व्हते, कधी बोलतील. घरात नाय बोलता आलं त्यांना. म्हनलं, परक्या मानसापुढं तरी बोलतील."

हर्षला तिथेच खाली बसली. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की ती मनातल्या मनात आपलंच पत्र पुन्हा वाचते आहे. माणूस कुणासाठी बोलतो, ऐकणाऱ्याच्या हाती काय लागतं, हे ती नऊ वर्षं पगार घेऊन आणि नंतर इथे शिकली होती. योग्य पाहुणा मात्र या बाईनं सुचवला होता, आणि तोही एक ओळ न लिहिता. हर्षलानं गौराबाईचे दोन्ही हात हातात घेतले. काकडीच्या पाण्यानं ते ओले होते.

"ताई, त्ये तुझ्या फोनात हाय का?" गौराबाईनं विचारलं. "कार्यक्रम?"

"आहे, सुरभीबाईंनी पाठवलाय. पूर्ण ऐकायचाय?"

"पुरा नको. त्यांनी नाव घेतलं ना, तेवढंच लाव. मला तोंडानं घेता येत नाय आमच्यात."

हर्षलानं मागे-पुढे करून ती जागा शोधली आणि फोन तिच्या कानापाशी धरला. हायवेवरून ट्रक जात होते, म्हणून गौराबाईनं दुसऱ्या कानावर हात ठेवला. ऐकून झाल्यावरही तिनं कानावरचा हात काढला नाही. म्हणाली, "परत लाव."